युद्धकालीं अध्यक्षाची सत्ता व तिच्या मर्यादा

अमेरिकेचा अध्यक्ष हा सैन्याचा व आरमाराचा मुख्य सेनापति असतो. युद्ध पुकारण्याचा अधिकार मात्र काँग्रेसच्या हातीं आहे. आणि कोणी मर्यादा ओलांडलीच तर सर्वोच्च न्यायालय त्यास आवरतें. राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा विषय बहुधा या तीन वाक्यांत आटोपलेला असतो, आणि विद्यार्थीही तेवढ्यावर उत्तीर्ण होतात. हीं वाक्यें खोटीं नाहींत. परंतु त्यांत एक गोष्ट सांगावयाची राहून जाते. ती म्हणजे वेळ. न्यायालय आवरतें हें खरें, पण केव्हां आवरतें? लढाई चालू असतां, कीं तोफा थंड झाल्यावर? जो मनुष्य तुरुंगांत पडला आहे त्याच्या दृष्टीनें सगळें घटनाशास्त्र या एका प्रश्नांत येऊन जातें. कांहीं जुने-नवे खटले या दृष्टीनें वाचकांपुढें मांडावे असें आम्हीं योजिलें आहे. आमचा मुक्काम लिंकनच्या काळांत अधिक पडेल. कारण हा प्रश्न त्याच्यापुढें जितका उघडा होऊन उभा राहिला तितका पूर्वी किंवा मागाहून कोणापुढेंही राहिला नाहीं.

प्रथम घटनेचे शब्द पाहूं. १७८७ सालीं फिलाडेल्फिया येथें घटनेचा मसुदा चर्चेला असतां काँग्रेसला युद्ध 'करण्याचा' अधिकार द्यावा असें लिहिलें होतें. १७ ऑगस्ट रोजीं मॅडिसन व गेरी यांनीं तेथें 'पुकारण्याचा' असा शब्द घालविला. हेतु असा कीं, शत्रूनें एकाएकीं हल्ला केला तर तो परतविण्यास अध्यक्षाला सभेची वाट पाहावी लागूं नये. परंतु देशाला युद्धांत लोटण्याचें काम एकट्याच्या लहरीवर राहूं नये. दुसरें वाक्य 'हेबिअस कॉर्पस'संबंधीं. कैद्याला न्यायाधीशापुढें आणा आणि कोणत्या कायद्यानें त्यास डांबलें आहे तें सांगा, असा अधिकाऱ्यास होणारा हा हुकूम इंग्रजी कायद्यांतून अमेरिकेंत आला. बंडाळी किंवा परचक्र असतां सार्वजनिक सुरक्षिततेला अवश्य झालें तरच हा हक्क तहकूब होईल, एरवीं नाहीं, असें घटना म्हणते. पण तहकूब कोणीं करावा? तेवढें मात्र सांगितलेलें नाहीं. वाक्य कर्मणि प्रयोगांत आहे, आणि कर्ता गाळलेला आहे! व्याकरणांतील एवढ्याशा उणिवेवर पुढें माणसांचें स्वातंत्र्य टांगलें गेलें.

आरंभीं न्यायालयें बरींच कडक होतीं. १७९९ सालीं फ्रान्सशीं अघोषित सागरी युद्ध चालू असतां कप्तान लिटल यानें 'फ्लाइंग फिश' नांवाचें डॅनिश गलबत पकडलें. तें फ्रेंच बंदरांतून निघालें होतें. काँग्रेसचा कायदा फ्रेंच बंदरांकडे जाणाऱ्या जहाजांपुरताच होता. अध्यक्ष अॅडम्सच्या आरमारखात्यानें मात्र जाणारीं व येणारीं अशीं दोन्ही पकडा म्हणून कळविलें होतें. कप्तानानें वरिष्ठांचा हुकूम पाळला, आणि १८०४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें नुकसानभरपाई त्याच्याच माथीं मारली. काँग्रेसनें आंखून दिलेल्या रेषेपलीकडे अध्यक्षाचा हुकूम ढाल होऊं शकत नाहीं, असा हा निकाल. सरन्यायाधीश मार्शल याचें मन आधीं कप्तानाला माफ करण्याकडे कललें होतें, व तें त्यानें निकालपत्रांतच सांगून टाकलें आहे. तत्त्व उत्तम, पण फ्रान्सशीं तंटा मिटून तेव्हां चार वर्षें होत आलीं होतीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां १८६१ सालाकडे वळूं. लिंकन अध्यक्ष होऊन सहा आठवडेही झाले नव्हते, तोंच १२ एप्रिल रोजीं चार्ल्स्टन बंदरांतील सम्टर किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा सुटल्या. काँग्रेसचें अधिवेशन चालू नव्हतें. लिंकननें तें बोलाविलें, पण ४ जुलैला. मधले सुमारें अकरा आठवडे देशाचा कारभार एका माणसाच्या हातीं राहिला. त्या अवधींत त्यानें पाऊण लक्ष सैनिकांची मागणी केली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, कायद्यानें ठरविलेल्या संख्येहून खडी फौज वाढविली, आणि मंजुरीवांचून खजिन्यांतून वीस लक्ष डॉलर खाजगी गृहस्थांच्या हातीं खर्चासाठीं दिले. इतकें करावयास अडचणही तशीच होती. वॉशिंग्टनच्या एका अंगाला पोटोमॅक नदी व पलीकडे फुटून निघालेलें व्हर्जिनिया. इतर तीन अंगांना मेरीलंड, आणि त्या संस्थानांतील निम्मे लोक दक्षिणेच्या बाजूचे. राजधानीकडे येणारा लोहमार्ग बाल्टिमोरवरून जाई. १९ एप्रिलला त्या शहरांत मॅसॅच्युसेट्सच्या पलटणीवर जमावानें दगडफेक व गोळीबार केला; चार शिपाई व कित्येक नागरिक मेले. मागोमाग शहराच्या उत्तरेकडील रेल्वेचे पूल जाळण्यांत आले. कांहीं दिवस राजधानी जगापासून तुटून पडली होती. २७ एप्रिलला लिंकननें सेनापति स्कॉट यास लिहून दिलें कीं, फिलाडेल्फिया ते वॉशिंग्टन या लष्करी मार्गाच्या आसपास जरूर पडल्यास हेबिअस कॉर्पस तहकूब करावें.

२५ मे रोजीं रात्रीं दोन वाजतां सैनिकांनीं जॉन मेरिमन नांवाच्या एका सधन शेतकऱ्यास अंथरुणांतून उठवून मॅकहेन्री किल्ल्यांत नेऊन कोंडलें. स्थानिक घोडदळाचा तो अधिकारी होता, आणि पूल जाळणाऱ्यांत त्याचा हात होता असा आरोप होता. त्याच्या वकिलानें सरन्यायाधीश रॉजर टॉनी याच्याकडे धांव घेतली. टॉनीचें वय तेव्हां ८४ वर्षांचें. कृष्णवर्णीयांना अमेरिकेचें नागरिकत्व असूंच शकत नाहीं असा १८५७ सालचा कुप्रसिद्ध ड्रेड स्कॉट निकाल देणारा तो हाच. तीन महिन्यांपूर्वीं लिंकनला अध्यक्षपदाची शपथही त्यानेंच दिली होती. टॉनीनें किल्ल्याचा अधिकारी सेनापति कॅडवॅलेडर यास कैदी घेऊन हजर होण्याचा हुकूम काढला. दुसऱ्या दिवशीं सेनापति आला नाहीं. त्याचा एक हाताखालचा अधिकारी तांबडा पट्टा व तरवार लावून न्यायालयांत आला आणि मुदत मागूं लागला. टॉनीनें बेअदबीबद्दल सेनापतीवरच वॉरंट काढलें. २८ मे रोजीं मार्शल तें घेऊन किल्ल्याच्या दारीं गेला. त्यानें आपलें पत्र आंत धाडलें, आणि निरोप आला कीं उत्तर नाहीं. दार उघडलें नाहीं.

म्हाताऱ्या न्यायाधीशानें भर न्यायालयांत सांगितलें कीं, कायद्यानें मार्शल गांवचे लोक जमवून बळानें कैदी आणूं शकतो, पण त्याच्यापुढें उभी राहणारी शक्ति उघडच वरचढ आहे; तेव्हां मला जें करतां येण्याजोगें आहे तेवढेंच मी करीन. त्यानें निकाल लिहिला. हक्क तहकूब करण्याचें वाक्य घटनेच्या काँग्रेसविषयक कलमांत आहे, तेव्हां तो अधिकार काँग्रेसचा, अध्यक्षाचा नव्हे, असा त्याचा कोटिक्रम होता. निकालाची एक प्रत त्यानें लिंकनकडे पाठवून दिली. मॅकहेन्री हा साधा किल्ला नव्हे. १८१४ सालीं इंग्रजांचा भडिमार चालला असतां त्याच्यावरील निशाण पाहून फ्रान्सिस स्कॉट की यानें जें गीत रचिलें तेंच पुढें अमेरिकेचें राष्ट्रगीत झालें. हा की टॉनीचा मेव्हणा. आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत कीच्या एका संपादक नातवास लिंकनच्या सरकारनें वॉरंटावांचून पकडून त्याच किल्ल्यांत ठेविलें.

लिंकननें टॉनीला पत्रोत्तर दिलें नाहीं. ४ जुलैला काँग्रेसपुढें ठेविलेल्या संदेशांत मात्र त्यानें आपली बाजू मांडली. देशाच्या एक-तृतीयांश भागांत कायदे धाब्यावर बसविले जात असतां एका कायद्याचा भंग टाळण्यासाठीं बाकीचे सगळे बुडूं द्यावयाचे काय, आणि त्या पायीं राज्यच मोडूं द्यावयाचें काय, असा त्याचा सवाल होता. शिवाय घटनेनें अधिकार कोणाचा हें सांगितलेलेंच नाहीं, आणि संकट तर काँग्रेस भरेपर्यंत थांबणारें नव्हे, असेंही त्यानें म्हटलें. हाच लिंकन १८४७ सालीं काँग्रेसचा तरुण सभासद असतां मेक्सिकोच्या युद्धावरून अध्यक्ष पोक याला विचारीत होता कीं, अमेरिकेच्या भूमीवर रक्त सांडलें म्हणतां, ती जागा नकाशांत दाखवा! युद्ध आवश्यक आहे कीं नाहीं हें एकट्या अध्यक्षानें ठरवावें, तर तो आणि राजा यांत भेद काय राहिला, असें त्यानें एका मित्रास लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. खुर्चीत बसल्यावर माणसें बदलतात, असा निकाल येथें कोणी चटकन् देईल. आमचें मत तितकें सोपें नाहीं. पोकवरील आक्षेप युद्ध ओढवून आणल्याचा होता. लिंकनवर युद्ध येऊन कोसळलें होतें. तथापि मॅकहेन्रीच्या दाराशीं जें झालें त्यापुरता न्याय टॉनीच्या बाजूला होता असेंच आम्हांस वाटतें, आणि ड्रेड स्कॉट लिहिणाऱ्या हातानें तो लिहिला म्हणून त्याचें वजन कमी होत नाहीं. काँग्रेसनें ऑगस्टांत फौजेसंबंधींच्या लिंकनच्या कृत्यांना मान्यता दिली, पण हेबिअस कॉर्पसविषयीं ती मौन राहिली. तिचा कायदा झाला ३ मार्च १८६३ रोजीं.

दरम्यान तहकुबीचें क्षेत्र वाढत गेलें. २४ सप्टेंबर १८६२ च्या जाहीरनाम्यानें ती देशभर लागू झाली व लष्करभरतीस विरोध करणारे मुलकी लोकही लष्करी न्यायसभेच्या कक्षेंत आले. त्याच्या दोनच दिवस आधीं गुलामांच्या मुक्ततेचा प्राथमिक जाहीरनामा निघाला होता. दोन्ही कागदांवर सही एकाच माणसाची, आणि दोहोंचा आधारही एकच: युद्धकालीन मुख्य सेनापतीचा अधिकार. जो अधिकार लक्षावधि माणसांच्या बेड्या तोडावयास पुरला, तोच इतर हजारोंच्या हातांत बेड्या घालावयास पुरला. लिंकनची पूजा करणारे व त्यास जुलमी म्हणणारे, दोघेही यांतील अर्धाच भाग सांगतात.

ओहायोचा माजी काँग्रेस-सभासद व्हॅलंडिगम यानें मे १८६३ मध्यें एका सभेंत युद्धावर व अध्यक्षावर कडक टीका केली. सेनापति बर्नसाइड याच्या शिपायांनीं मध्यरात्रीं दार फोडून त्यास पकडलें. लष्करी न्यायसभेनें युद्ध संपेपर्यंत कैद ठोठावली. लिंकननें ती बदलून त्यास शत्रूच्या हद्दींत नेऊन सोडविलें. सर्वोच्च न्यायालयाकडे गेलें तर त्यानें फेब्रुवारी १८६४ मध्यें सांगितलें कीं, लष्करी न्यायसभेच्या निकालावर आमची सत्ता चालत नाहीं. युद्ध चालू असतां न्यायालयाचें बोलणें असें असतें. लिंकनचें समर्थन त्याच्या नेहमींच्या घरगुती थाटाचें होतें. पळून गेलेल्या भोळ्या शिपाई पोराला मीं गोळी घालावी आणि त्यास पळावयास शिकविणाऱ्या धूर्ताच्या केसालाही धक्का लावूं नये काय? आणि आजारपणांत वांतीचें औषध घेतलेला मनुष्य बरा झाल्यावर जन्मभर तेंच खात बसेल, ही भीति फोल आहे. दाखला गमतीचा आहे, पण तो आम्हांस पुरा पटत नाहीं. औषध घेणारा रोगी एक व तें घोटून पाजणारा वैद्य दुसरा. चटक लागली तर ती वैद्याला लागावयाची!

तरी एक गोष्ट लिंकनच्या पदरीं घातलीच पाहिजे. १८६४ ची निवडणूक त्यानें होऊं दिली. ऐन यादवींत ती पुढें ढकलण्यास निमित्तांची वाण नव्हती. २३ ऑगस्टला आपण पडणार असें त्यास इतकें निश्चित वाटत होतें कीं, नव्या अध्यक्षास साहाय्य करून सत्तांतरापूर्वीं राष्ट्र वांचविण्याची प्रतिज्ञा त्यानें एका कागदावर लिहिली, आणि घडी घालून आंतील मजकूर न दाखवितां मंत्र्यांच्या सह्या तिच्या पाठीवर घेतल्या. सप्टेंबरांत अटलांटा पडलें व वारें फिरलें. त्याच्या सत्तेवर त्या चार वर्षांत खरी वेळेवर पडूं शकली असती अशी मर्यादा ही एकच होती.

लॅम्बडिन मिलिगन हा इंडियाना संस्थानांतील वकील. ऑक्टोबर १८६४ मध्यें त्यास पकडून लष्करी न्यायसभेनें कटाच्या आरोपावरून फांशीची शिक्षा दिली. इंडियानांत त्या वेळीं मुलकी न्यायालयें उघडीं होतीं. १९ मे १८६५ हा फांशीचा दिवस ठरला होता. तोंपर्यंत लिंकनचा खून झाला होता, आणि नवा अध्यक्ष जॉन्सन यानें ऐन वेळीं जन्मकैद दिली. सर्वोच्च न्यायालयानें ३ एप्रिल १८६६ रोजीं मिलिगनला सोडण्याचा हुकूम केला. जेथें मुलकी न्यायालयें आपलें काम करीत आहेत तेथें नागरिकाचा न्याय लष्करानें करतां कामा नये. घटना युद्धांत व शांततेंत सारखीच लागू आहे. न्यायमूर्ति डेव्हिड डेव्हिस यानें हें लिहिलें, व तो कोण? लिंकनचा जुना स्नेही, १८६० सालीं त्याला उमेदवारी मिळवून देण्यासाठीं झटलेला व त्यानेंच न्यायासनावर बसविलेला. हा निकाल अमेरिकन स्वातंत्र्याचा आधारस्तंभ म्हणून नांवाजला जातो, व तें योग्यच आहे. पण डेव्हिसनें आरंभींच एक प्रांजळ गोष्ट सांगितली आहे: युद्धाच्या भरांत अशा प्रश्नाचा शांतपणें विचार होऊं शकत नव्हता, आतां सुरक्षितता आली म्हणून तो रागलोभाशिवाय करतां येतो. पुढें मिलिगननें आपणांस डांबणाऱ्यांवर फिर्याद केली. १८७१ सालीं ज्यूरीनें त्याच्या बाजूनें कौल दिला, आणि भरपाई ठरविली पांच डॉलर.

मिलिगनचा निकाल पुस्तकांत होता, तरी १९४२ सालीं तो कोणाच्या उपयोगीं पडला नाहीं. १९ फेब्रुवारीस अध्यक्ष रूझवेल्टनें हुकूम काढला, आणि पश्चिम किनाऱ्यावरील सुमारें एक लक्ष वीस हजार जपानी वंशाचीं माणसें घरेंदारें सोडून छावण्यांत गेलीं. त्यांतील दोन-तृतीयांश अमेरिकेचे जन्मसिद्ध नागरिक होते. ऑकलंडमध्यें जन्मलेला फ्रेड कोरेमात्सु हा जोडारी काम करणारा तरुण गेला नाहीं, म्हणून दोषी ठरला. १८ डिसेंबर १९४४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं ती शिक्षा कायम केली. निष्ठावंत नागरिकाला छावणींत कोंडून ठेवतां येत नाहीं, असा एका तरुणीच्या बाजूचा निकालही त्याच दिवशीं झाला. पण किनाऱ्यावरील बंदी उठविल्याची घोषणा सरकारनें आदल्याच दिवशीं करून टाकली होती. कोरेमात्सूच्या बाजूनें मत देणाऱ्या तिघांत न्यायमूर्ति जॅक्सन होता. त्याचें म्हणणें असें कीं, लष्करी हुकूम युद्धाबरोबर संपतो, पण न्यायालयानें एकदां त्यावर शिक्का मारला कीं तें तत्त्व भरलेल्या बंदुकीसारखें पडून राहतें, ज्याला निकड दाखवितां येईल त्यानें उचलावें.

हाच जॅक्सन आठ वर्षांनीं पुन्हा भेटतो. कोरियांत युद्ध चालू होतें. काँग्रेसनें तें पुकारलेलें नव्हतें. पोलादाच्या कारखान्यांत संप होणार, दारूगोळा कमी पडणार, म्हणून ८ एप्रिल १९५२ रोजीं अध्यक्ष ट्रूमननें कारखाने ताब्यांत घेण्याचा हुकूम दिला. संप ऐंशी दिवस थोपविण्याचा मार्ग १९४७ च्या कायद्यानें दिला होता. तो ट्रूमननें वापरला नाहीं, आणि कारखाने जप्त करण्याची तरतूद तर काँग्रेसनें तेव्हां मुद्दाम नाकारली होती. महिना संपण्यापूर्वींच जिल्हा न्यायाधीश पाइन यानें अध्यक्षाविरुद्ध निकाल दिला, व २ जूनला सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं तो कायम केला. नऊही न्यायाधीश रूझवेल्टनें किंवा ट्रूमननें नेमलेले होते. जॅक्सन तर रूझवेल्टचा कायदेमंत्री असतां १९४१ सालीं अशाच एका विमान-कारखान्याच्या जप्तीचें समर्थन करून बसला होता. त्यानें आतां जें लिहिलें तें आजतागायत प्रमाण मानतात: काँग्रेसची संमति पाठीशीं असतां अध्यक्षाची सत्ता सर्वांत मोठी, काँग्रेस गप्प असतां संदिग्ध, आणि तिच्या इच्छेविरुद्ध गेल्यास सर्वांत क्षीण. ट्रूमननें त्याच दिवशीं कारखाने परत केले. निकाल लिहिणाऱ्या ब्लॅकनें मागाहून त्यास घरीं मेजवानीला बोलाविलें, आणि तुझा कायदा मला आवडत नाहीं पण तुझी दारू मात्र उत्तम आहे असें ट्रूमन म्हणाला, अशी आख्यायिका आहे.

युद्ध चालू असतां, वेळेवर, अध्यक्षाला रोखल्याचें हें ठळक उदाहरण. त्याचा गौरव करावा तितका थोडा, हें आम्हांस मान्य आहे. पण दिवस मोजून पाहावे. पोलादवाल्यांना न्याय मिळाला पंचावन्न दिवसांत. मिलिगनला दीड वर्ष तुरुंगांत काढावें लागलें, तेंही गळ्यांतील फांस जेमतेम चुकल्यावर. कोरेमात्सूला त्या न्यायालयाकडून कांहींच मिळालें नाहीं. कारखान्याच्या दारावरील कुलूप न्यायाधीशास लौकर दिसतें. तुरुंगाच्या दारावरील कुलूप, आंत संशयित किंवा परक्या वंशाचा मनुष्य असला म्हणजे, त्यास फार उशिरां दिसतें.

पुढचा भाग थोडक्यांत सांगतों. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेनें रीतसर युद्ध पुकारण्याचें सोडूनच दिलें. १९४२ नंतर काँग्रेसनें तशी घोषणा केलेली नाहीं, आणि लढाया तर कोरियापासून इराकपर्यंत झाल्या. व्हिएतनामच्या अनुभवानंतर १९७३ सालीं निक्सनचा नकाराधिकार मोडून तिनें ठराव केला कीं, सैन्य लढाईंत घातल्यास अध्यक्षानें ४८ तासांत कळवावें व संमति न मिळाल्यास ६० दिवसांत लढाई थांबवावी. त्यावर बहुतेक अध्यक्षांनीं आपापल्या सोयीचे अर्थ बसविले. अफगाणिस्तानांत पकडलेला हमदी नांवाचा अमेरिकन नागरिक दोन वर्षांहून अधिक काळ आरोपावांचून कोंडला गेल्यावर, युद्ध म्हणजे अध्यक्षास दिलेला कोरा धनादेश नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००४ मध्यें बजाविलें.

हा गाळलेला कर्ता आपल्या घटनाकारांनीं मात्र गाळला नाहीं. आणीबाणी पुकारलेली असतां मूलभूत हक्कांसाठीं न्यायालयांत जाण्याची वाट राष्ट्रपति हुकूमानें बंद करूं शकतात, असें ३५९ व्या कलमांत त्यांनीं स्पष्ट लिहिलें. अर्थात् आपले राष्ट्रपति चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें. १९७१ च्या युद्धांत पुकारलेली आणीबाणी युद्ध संपल्यावरही उठली नव्हती. तिच्यावरच २५ जून १९७५ रोजीं दुसरी आली, व हजारो लोक स्थानबद्ध झाले. अनेक उच्च न्यायालयांनीं हेबिअस कॉर्पसचे अर्ज ऐकून घेतले. २८ एप्रिल १९७६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध एक मतानें सांगितलें कीं, स्थानबद्धास दाद मागतांच येत नाहीं. चौघांत पुण्यांत जन्मलेले न्यायमूर्ति यशवंतराव चंद्रचूड होते. विरुद्ध मत एकट्या न्यायमूर्ति हंसराज खन्ना यांचें. पुढच्याच जानेवारींत त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यास दिलें गेलें आणि त्यांनीं राजीनामा दिला. जीविताचा हक्क आणीबाणींतही बंद करतां येऊं नये, ही दुरुस्ती संसदेनें १९७८ सालीं केली. न्यायालयानें स्वतःचा निकाल मोडला २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, आणि तो मोडणारें निकालपत्र यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनीं लिहिलें. पुढील वर्षीं, २६ जून २०१८ रोजीं, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेंही सांगितलें कीं, कोरेमात्सूचा निकाल ज्या दिवशीं दिला त्या दिवशींच चुकीचा होता. हें वाक्य आलें अध्यक्षाच्याच एका प्रवेशबंदीच्या हुकूमास मान्यता देणाऱ्या निकालांत. कोरेमात्सु २००५ मध्यें वारला होता, आणि न्यायमूर्ति खन्ना २००८ मध्यें.